दक्षिणेचा जिना

"मॅडम, पुढच्या दारानं या की! इकडं जनरेटर ठेवलाय," मंडपवाला दोनदा ओरडला, आणि दोन्ही वेळा मान डोलावून मी मागच्याच गल्लीत शिरले.

रसिकरंजन नाट्यमंदिराच्या पुढच्या दारी त्या दिवशी सनई होती, गुलाबपाणी होतं आणि मंत्र्यांची वाट बघून पाय दुखायला लागलेल्या सुवासिनी होत्या. मला त्यातलं काही नको होतं. नवी इमारत मी नेहमी मागून बघायला घेते. पुढून ती पाहुण्यांसाठी नटलेली असते. मागं गेलं की कचरा कुठून निघतो, सांडपाणी कुठं जातं, बाईमाणसाची सोय काय, सगळं उघडं पडतं.

याला आता वीसेक वर्षं झाली. तेव्हा मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत 'भिंतीवर बोट' नावाचं सदर लिहीत असे. इमारतींवर टीका लिहिणारी बाई हा काय प्रकार आहे ते आमच्या शहराला शेवटपर्यंत कळलं नाही. निम्म्या वाचकांना वाटायचं, मी वास्तुशास्त्र सांगते. तिजोरी कुठल्या कोपऱ्यात ठेवू, अशी पत्रं यायची. बांधकामवाले माझं नाव काढलं की तोंड वाकडं करायचे, आणि आमच्या पेशातले आर्किटेक्ट बंधू म्हणायचे, "वसुधा इंगवले म्हणजे वरातीमागून घोडं. इमारत उभी राहिल्यावर नावं ठेवायला काय जातं?" त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. मी लिहायचे तेव्हा भिंती वाळलेल्या असायच्या आणि माझ्या लिहिण्यानं एक वीट इकडची तिकडं होत नसे.

ही इमारत मात्र परकी नव्हती. ती तेंडोलकर सरांची होती. त्यांनी मला शिकवलं होतं, आणि कॉलेज संपल्यावर त्यांच्याच ऑफिसात मी काही वर्षं नकाशे काढले होते. आपल्याला काढण्यापेक्षा बघणं बरं जमतं, हे तिथंच माझ्या लक्षात आलं. सरांच्याही आलं असावं, कारण नोकरी सोडते म्हटल्यावर त्यांनी एकदाही थांब म्हटलं नाही. उलट पहिला लेख त्यांनीच तपासून दिला. या नाट्यगृहाचे नकाशे तेव्हाचे. मग नाट्यगृह बांधणाऱ्या मंडळाचे पैसे संपले, भांडणं झाली, नकाशे गुंडाळून माळ्यावर गेले. सरांनी जन्मभर बंगले बांधले, शाळा बांधल्या, पण मोठी म्हणावी अशी ही एकच इमारत, आणि ती उभी राहायला त्यांना सत्तरी ओलांडावी लागली.

गल्लीतून मी वर बघितलं आणि छातीत गोड धस्स झालं. दक्षिणेच्या कोपऱ्यातला गोल मनोरा! बाल्कनीतून खाली उतरणारा दुसरा जिना या मनोऱ्यात होता. त्याचा नकाशा मी काढला होता, पायरी न् पायरी. उघड्या विटांचं काम इतकं देखणं झालं होतं की हात फिरवावासा वाटला. पण हात फिरवायला जागा नव्हती. मनोऱ्याच्या पायथ्यापासून पार वरपर्यंत मंत्र्यांचा हात जोडलेला फ्लेक्स बांधला होता. कारागिरानं जीव ओतायचा आणि त्यावर यांनी थोबाड चिकटवायचं! लेखात याचा समाचार घ्यायचाच, असं ठरवून मी रंगमंचाच्या दारानं आत गेले.

आत नाटक कंपनीची धांदल चालली होती. उद्घाटनाला शैलजा मयेकरांच्या कंपनीचं नवं विनोदी नाटक होतं. नेपथ्याचा माणूस, दत्ताराम, तोंडात खिळे धरून दिवाणखान्याची भिंत ठोकत होता. मी त्यांच्यामधून वाट काढत बाहेर आले आणि उत्तरेच्या जिन्यानं बाल्कनीत चढले. माझी दुसरी सवय अशी, की सगळ्यांत वाईट खुर्चीत आधी बसून बघायचं. तिथून नीट दिसलं तर बाकीचं नीट असतंच.

बाल्कनी गच्च भरली होती. खालचे पास प्रतिष्ठितांना गेले होते, वर फुकट पासवाले. बचत गटाच्या बायका एकसारख्या साड्या नेसून आल्या होत्या, कॉलेजची पोरं होती, पेन्शनर होते, मांडीवर लेकरं होती. जिन्यात माणसावर माणूस होता आणि खाली जिना संपायचा तिथं कापडी मंडप, त्यात समया, हॅलोजन, जमिनीवरून गेलेल्या वायरी. माझं डोकं आपोआप हिशेब करायला लागलं. इकडं काही झालं तर ही माणसं तिकडून उतरतील, म्हणून मी मान वळवून दक्षिणेचं दार शोधलं.

दार नव्हतं.

दाराच्या जागी भिंतीला सागवानी फळ्यांची तक्तपोशी होती, वर कोरलेले मोर. मी उठून तिथं गेले आणि बोटांनी टकटक केलं. आवाज पोकळ आला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ताई, काय शोधताय? बाथरूम खाली हाय, लई रांग हाय." मी तशीच वळून सरांना शोधायला खाली उतरले.

सर मला दर्शनी दालनात भेटले. रेशमी झब्बा, गळ्यात उपरणं, डोळे लहान मुलासारखे चमकत होते. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं होतं, तरी त्या दिवशी काठी घरीच ठेवून आले होते.

"आलीस? बघितलंस? बोल!"

"सर, बाल्कनीचं दक्षिणेचं दार कुठाय?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला दंडाला धरून खांबाआड नेलं. "हळू बोल. आहे ते. तक्तपोशीच्या मागे आहे."

"मागे म्हणजे? झाकलंत?"

"मंडळाच्या मगदूमांनी वास्तुवाला आणला होता. तो म्हणाला, दक्षिणेला दार ठेवाल तर ही वास्तू माणसं खाईल. खालचं दारही बुजवायला लावलं. दीड वर्ष काम बंद होतं, वसुधा. दीड वर्ष मी रोज इथं येऊन नुसत्या सळया बघून जायचो."

"तुम्ही? वर्गात आम्हाला काय सांगायचात? वारा दिशा विचारून घरात शिरत नाही, म्हणून?"

"वर्गात बोलायला काही लागत नाही गं. मी जन्मभर नाही म्हणत आलो आणि माझ्या इमारती जन्मभर कागदावर राहिल्या."

"सर, वर माणसं कोंबलीयेत. एकच जिना आहे. खाली कापडी मंडप आहे."

"तीन तासांचा प्रश्न आहे. वेळच आली तर एका लाथेत त्या फळ्या निघतील. उद्या मी स्वतः मगदूमांशी बोलतो. आज नको. आजचा एक दिवस मला दे."

त्याआधी त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. ते पहिलंच. तेवढ्यात पहिली घंटा झाली आणि कुणीतरी त्यांना मंत्र्यांच्या शेजारी बसवायला घेऊन गेलं. जाताना त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. माझ्या मनात आलं, जाऊ दे. तीन तास. कितीतरी लग्नकार्यांत याहून वाईट परिस्थितीत माणसं जेवून घरी जातात. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि वरून बाल्कनीतल्या बायकांचं हसणं ऐकू आलं. नाटक सुरू व्हायच्या आधीच त्या हसत होत्या. मग मला तिथं उभं राहवेना.

अण्णासाहेब मगदूम बेदाण्याचे बडे व्यापारी आणि मंडळाचे अध्यक्ष. फेटा बांधून ते दारात मंत्र्यांच्या माणसांना पेढे देत होते. मी बाजूला बोलावून सांगितलं. त्यांनी पेढ्याचं ताट माझ्यापुढं धरलं.

"बाई, तोंड गोड करा आधी. शुभ कार्यात मोडता घालू नये."

"अण्णा, तक्तपोशी काढायला दहा मिनिटं लागतील. दार उघडं राहू दे, एवढंच म्हणते."

"दक्षिणचं? आजच्या दिवशी? यमाला हार घालून बोलवू म्हणता व्हय?"

"आग लागली तर यम उत्तरेच्या जिन्यानंही येतो."

ते हसले नाहीत. ताट खाली ठेवलं. "तुम्ही शिकलेली माणसं. हसताय. हितं पाया खणताना मला अटॅक आला. ह्याच मातीत पडलो मी. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलवा. वास्तुवाल्यानं नकाशा बघितला आणि म्हणाला, दक्षिणेचं दार झाका, काम तडीस जाईल. झाकलं. काम तडीस गेलं. मी जिता हाय. आता तुम्ही सांगा, मी कुणाचं ऐकू?"

मरता मरता वाचलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. मी म्हटलं, "मग वरची निम्मी माणसं खाली उतरवा."

"आणि मंत्र्यांच्या डोळ्यांपुढं गोंधळ घालू? बाई, तुमचा पेपर हाय, तुमचं बोट हाय, उद्या काय लिहायचं ते लिहा. आज सरका." ते निघाले आणि दुसरी घंटा झाली.

उद्या लिहायचं. वरातीमागून घोडं! मी रंगमंचाच्या मागं जवळजवळ पळत गेले. नाटकाची तिसरी घंटा संस्थाचालक देत नाहीत, कंपनी देते, हे मला ठाऊक होतं. तिसरी घंटा झाल्याशिवाय पडदा हलत नाही आणि कंपनीच्या मालकिणीनं मान हलवल्याशिवाय तिसरी घंटा होत नाही.

मयेकरबाई रंगपटात आरशापुढं बसून नाकातली नथ ठीक करत होत्या. आरशातूनच म्हणाल्या, "मुलाखत नाटकानंतर."

"मुलाखत नको. तिसरी घंटा थांबवा."

मी भराभर सांगितलं. त्यांनी नथ काढून हातात घेतली. चेहऱ्यावर रंग लावलेल्या बाईच्या मनात काय चाललंय ते कळत नाही, आणि मला फार वेळ नव्हता.

"दार आहे ना पण?" त्या म्हणाल्या. "नसलेल्या दारासाठी मी मंत्र्याला ताटकळत ठेवला तर मला या जिल्ह्यात पुन्हा प्रयोग मिळायचा नाही."

"आहे. दार आहे, त्यामागं जिना आहे. नकाशा मी काढलाय त्याचा."

"तुम्ही काढलाय?"

"पायऱ्यांसकट."

त्या उठल्या. "दत्ताराम, पटाशी न् हातोडा घे, या बाईंबरोबर वर जा." आणि पदर सावरत पडद्याबाहेर गेल्या.

आम्ही जिना चढत होतो तेव्हा त्यांचा आवाज सगळ्या नाट्यगृहात घुमला. माईकची त्यांना गरज नसे. "रसिकहो, नमस्कार. वर बाल्कनीत बसलेली माझी माणसं सगळ्यांत लांबून आलीयेत आणि सगळ्यांत मोठ्यानं हसणार आहेत. त्यांच्या बाजूचं एक दार चुकून झाकलं गेलंय. ते उघडेपर्यंत पडदा उघडणार नाही. दहा मिनिटं द्या, एक रुपया देऊ नका."

टाळ्या पडल्या. बाल्कनीतून शिट्ट्या आल्या. खाली पहिल्या रांगेत काय झालं ते मला दिसलं नाही.

आम्ही कोपऱ्यात पोचेपर्यंत सगळी बाल्कनी उठून उभी राहिली होती. दत्तारामनं पहिल्या फळीखाली पटाशी घातली. "बाई, खिळे लांबडे मारलेत हो. एका लाथेत काय निघायचं नाय हे," तो म्हणाला. पण पोरांना हुरूप आला होता. दोघा-तिघांनी फळ्यांना हात घातला. कुणीतरी "ओढा रे!" म्हणायचं आणि बाकीचे "हैश्शा!" करायचे. मोर मोडून पडला तेव्हा बचत गटाच्या बायकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मला खरं सांगायचं तर आनंद झाला होता. जन्मात पहिल्यांदा मी इमारतीवर लिहिण्याआधी इमारतीत काहीतरी घडत होतं, आणि ते मी घडवत होते.

फळ्या निघाल्या आणि दार दिसलं. साधं, रंग दिलेलं, बाहेरच्या बाजूला उघडणारं, वर मोठी लोखंडी कडी. मी म्हटलं, "हेच!" मागून एक पोरगा ओरडला, "चला रे, हिकडनं उतरून भजी खाऊन येऊ, टाईम हाय!" आणि सगळी गर्दी एकदम पुढं सरकली. माझी पाठ कुणाच्या तरी छातीला लागली. मी हसत म्हणाले, "अरे थांबा, आधी कडी तर काढू द्या."

कडीवर रंग बसला होता, ती हलेना. दत्तारामनं हातोडा दिला. मी पहिला घाव घातला.

"वसुधा!"

आवाज बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाकडून आला. सर उत्तरेच्या जिन्याच्या तोंडाशी कठड्याला धरून उभे होते. उपरणं खांद्यावरून घसरलं होतं.

"वसुधा, हात काढ! नको उघडूस!"

मला संताप आला. एवढ्या माणसांपुढं, एवढ्या माणसांच्या जिवापुढं यांना अजून आपला दिवस साजरा करायचा होता. "नाही सर!" मी ओरडले. "आता नाही!" सरांचं न ऐकण्याची मला सवय नव्हती, म्हणून असेल, मी घाव फार जोरात घातला. कडी सुटली.

मघाचा भजीवाला पोरगा माझ्या बाजूनं पुढं घुसला आणि त्यानं दाराला खांदा लावला.

"पलीकडे जिना नाही!"

तो आवाज सरांचा आहे यावर माझा विश्वास बसेना. इतका मोठा, फाटलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "जिना नाही तिथं! खाली काही नाही! मी बांधला नाही!"

दार वीतभर उघडलं होतं. दत्तारामनं पोराची कॉलर मागून अशी खेचली की त्याचं बटण तुटून उडालं. दाराला टेकवलेली एक फळी त्या फटीतून सरकली आणि दिसेनाशी झाली. आम्ही सगळे ऐकत राहिलो. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग खालून, फार खालून, फळी आपटल्याचा आवाज आला आणि मनोऱ्यातली पारवी फडफडत वर उठली.

कुणी ओरडलं नाही. माझ्या मागच्या बाईनं लेकराला छातीशी धरलं, एवढंच. तो पोरगा जमिनीवर बसून स्वतःच्या खांद्याकडं बघत होता. मी फटीतून आत पाहिलं. गोल भिंत, भिंतीत पायऱ्या बसवायला ठेवलेल्या खाचा, वळत वळत खालपर्यंत गेलेल्या. मी कागदावर जिथं ठेवल्या होत्या नेमक्या तिथं. त्यांत पायऱ्या नव्हत्या.

सर गर्दीतून माझ्यापर्यंत आले. लोक त्यांना वाट करून देत होते, पण त्यांच्या अंगाला कुणी अंग लागू देत नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, एका लाथेत निघेल," मी म्हणाले. "आग लागली असती तर यांनी खरंच लाथ मारली असती."

"हो."

"आणि एकामागून एक—"

"हो, वसुधा."

पुढचं सगळं शांतपणे झालं. दत्ताराम दाराला पाठ लावून उभा राहिला. मयेकरबाई स्वतः वर आल्या, तशाच रंग लावलेल्या तोंडानं, आणि एकेका रांगेला हात धरून खाली पाठवत राहिल्या. खाली मंत्री निघून गेले होते. मगदूम जिन्याशी उभे होते, फेटा हातात. मला म्हणाले, "बाई, आईशप्पत, मी फकस्त दार झाका म्हटलं होतं." मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. सुटू पाहणारा माणूस असंच म्हणतो, असं मला वाटलं. प्रयोग झाला नाही. सरांना त्यांच्या मुलानं गाडीत घालून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेख लिहायला बसले. संपादकांनी पहिलं पान मोकळं ठेवलं होतं. पाच-सहा वेळा कागद फाडले. दुपारी लेख झाला तेव्हा मी अशी एक गोष्ट केली जी आधी कधी केली नव्हती आणि नंतरही केली नाही. ज्याच्यावर लिहिलंय त्याला फोन लावला.

"सर, वाचून दाखवू?"

"दाखव."

मी वाचत गेले. मग ते म्हणाले, "थांब. मागचं वाक्य परत वाच."

"'विश्वस्तांच्या दबावाखाली वास्तुविशारदांनी दक्षिणेचा जिना रद्द केला.'"

"दबावाखाली नाही."

"सर, तुम्हीच म्हणालात, दीड वर्ष काम—"

"ते दारासाठी. मगदूमांनी दार झाकायला सांगितलं. जिन्याबद्दल त्यांना काही माहीत नाही. लोखंडी जिना बसवायचा राहिला होता. पुढच्या पोर्चचं छत तू बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मी मागून आत गेले होते.

"बघून ये. खांबाशिवाय तरंगतं. लोक काल त्याच्याखाली उभे राहून फोटो काढत होते. त्याला लोखंड कमी पडत होतं. मी म्हटलं, दारच नाही तर जिना कशाला? मी म्हटलं. कुणी म्हणायला लावलं नाही."

मी 'विश्वस्तांच्या दबावाखाली' हे शब्द खोडले.

"पुढे?"

"'मात्र प्रसंग ओळखून ते धावत बाल्कनीत आले आणि भर गर्दीत सत्य सांगून त्यांनी—'"

"धावत नाही."

"हे मी काढणार नाही, सर. हे मी बघितलंय."

"तू मला वर आल्यावर बघितलंस. जिन्यात कुठं बघितलंस? जिन्यात मी दोनदा थांबलो."

"तुमचे गुडघे—"

"पहिल्यांदा गुडघ्यांमुळे थांबलो."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा काही दुखत नव्हतं," सर म्हणाले. "वरून खिळे निघाल्याचे आवाज येत होते. मी कठड्याला धरून उभा होतो. कडीवर रंग बसलाय, निघायची नाही, लोक कंटाळून बसतील खाली, असा विचार करत होतो. बराच वेळ उभा होतो, वसुधा. मग तुझा हातोडा ऐकू आला."

मी 'धावत' खोडलं. त्या जागी कुठला शब्द लिहावा ते मला सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. 'ते बाल्कनीत आले', एवढंच छापून आलं.